देवीला सांगता न येणारा करार

विघ्नांचे निवारण करणारा गजानन, आणि पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या वर डोंगराच्या कुशीत जिचे ठाणे आहे ती ग्रामदेवी, या उभयतांना वंदन करून हे लिहावयास बसलो आहे. निमित्त यंदाच्या शिमग्याचे. देवीची पालखी वाडीत दारोदार फिरत होती आणि मी एका ओटीवर बसून दर्शन घेत होतो. पालखीचा पुढचा दांडा एका रुंद खांद्याच्या तरुणाने धरला होता. मुंबईहून सणाला आलेले एक गृहस्थ शेजारी बसले होते. ते त्याच्याकडे पाहून म्हणाले, "हा टीव्हीवर दिसायचा. चांगलं काँट्रॅक्ट वाढवून मिळत होतं, ते सोडून बसला. गावच्या कुणी म्हाताऱ्याने डोक्यात काहीतरी भरवलं म्हणे."

तो म्हातारा मीच, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. पालखी पुढे निघाली होती. घरी आल्यावर मात्र वाटले की ही हकिगत एकदा नीट लिहून ठेवावी. करार ठरावयाचा होता त्या दिवशी त्या तरुणाच्या डोक्यात मी काहीही भरवले नव्हते. मी केवळ एक कागद मोठ्याने वाचावयास सांगितला होता.

महाडच्या शाळेत मी संस्कृत शिकवीत असे. हा तरुण पोलादपूरकडून एस.टी.ने येई. शब्दरूपांशी त्याचे फारसे सख्य नव्हते, परंतु न समजता मान डोलावण्याची सवयही त्याला नव्हती. वर्गात हा गुण त्रासदायकच असतो. पुढे तो नोकरीला असलेल्या वडिलांच्या मागोमाग मुंबईस गेला आणि तेथे मिक्स्ड मार्शल आर्ट्स नावाचा खेळ शिकला. ठोसा, लाथ, कुस्तीची पकड, सांधा पिळून किंवा गळा आवळून समोरच्यास शरण आणणे, हे सारे त्या एका खेळात येते आणि ते जाळीच्या पिंजऱ्यात चालते. त्याची लढत मी प्रथम पाहिली ती चवदार तळ्याच्या काठी बाकावर बसून, एका परिचिताच्या मोबाइलवर. बराच वेळ मी डोळे मिटून घेतले होते. शेवटी प्रतिस्पर्ध्याने हाताने थाप देऊन हार मानली, तेव्हा याने तत्क्षणी पकड सोडली आणि त्याला पाठीला हात देऊन बसते केले. त्यात मला निंद्य काही दिसले नाही. दोघे मल्ल एकमेकांशी प्रामाणिक होते.

तिरस्कार उपजला तो पिंजऱ्याबाहेरच्या मंडळींविषयी.

एका गणेशोत्सवात तो घरी नमस्काराला आला. गाल आत गेले होते, डोळ्यांखाली काळे पडले होते. लढतीच्या आधी वजन उतरवण्यासाठी हे लोक पाणीसुद्धा तोडतात, असे त्याने सांगितले. मी म्हणालो, "निर्जळी एकादशीलाही माणूस असा दिसत नाही रे."

"एकादशीचं पुण्य तरी मिळतं, गुरुजी," तो म्हणाला. "इथं वजन नाय उतरलं तर पैसे कापतात."

मग पैशांची रीत त्याने समजावली. ठरलेल्या रकमेतली अर्धी पिंजऱ्यात उतरल्याबद्दल आणि अर्धी जिंकल्याबद्दल. हरला तर उतरल्याचे तेवढे मिळणार.

"आणि मार?" मी विचारले.

"मार अर्धा नसतो," तो हसला. "तो पूर्णच खायचा."

त्या अर्ध्यातूनच प्रशिक्षकाचा वाटा, तपासण्या, खुराक, प्रवास. सराव करताना हाड मोडले तर तो याचा दोष. लढती भरवणाऱ्या कंपनीच्या लेखी शरीर पिंजऱ्याचे दार बंद झाल्यावरच अस्तित्वात येते. पाहावयास हजारो माणसे तिकीट काढतात, त्या पैशांतला किती भाग त्याच्याकडे येतो हे त्याला ठाऊक नव्हते, विचारण्याची सोयही नव्हती. आणि या सगळ्या व्यवहाराला कंपनीचे लोक 'मानधन' म्हणत. हा शब्द मी आयुष्यभर वर्गात फोडून सांगितला आहे. मान हेच ज्याचे धन आहे तो पुरुष मानधन, असा त्याचा जुना अर्थ, बहुव्रीही समास. शूरांनाच तो शोभतो. या कंपनीने मानही आपल्याकडे ठेवला होता आणि धनही. विग्रह करावयास काही उरले नव्हते.

"मग जास्त मागत का नाहीस?" मी विचारले.

तो म्हणाला, "मागितलं. ते म्हणाले, देवीने कौल दिला होता ना? आता देवीच्या शब्दाबाहेर जाणार का?"

हे नीट समजण्यासाठी आमच्याकडची रीत सांगावयास हवी. महत्त्वाच्या कामापूर्वी देवीचा कौल घेतात. गुरव आधी गाऱ्हाणे घालतो, म्हणजे मनात काय आहे ते देवीपुढे उच्चारून सांगतो. मग तिच्या पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवतो. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पहिला करार करण्यापूर्वी या कुटुंबाने असा कौल घेतला होता आणि तो उजवा आला होता. तेव्हापासून त्याच्या आईची अशी दृढ समजूत झाली की त्या इंग्रजी कागदाला देवीने मान्यता दिली आहे आणि त्यातल्या एकाही शब्दाबद्दल कुरकुर करणे म्हणजे देवीवर अविश्वास दाखवणे. मुलगाही तेच मानत आला होता. ही चूक आमच्याच लोकांच्या हातून होऊ शकते. आणि त्या चुकीवर दुकान मांडणे मुंबईच्याच एखाद्या चतुर माणसाला सुचू शकते.

पहिल्या करारातली एकच लढत शिल्लक राहिली तेव्हा कंपनीचा तो चतुर माणूस स्वतः वाडीत आला. ती लढत झाली की हा तरुण मोकळा होणार होता, आणि जिंकून मोकळा झाला तर त्याची किंमत वाढणार होती. म्हणून लढतीच्या आधीच पुढच्या अनेक वर्षांसाठी त्याची सही हवी होती. रक्कम थोडी वाढवली होती. आईने मला मुहूर्तासाठी बोलावले, म्हणून मी तेथे होतो.

या गृहस्थांच्या कपाळावर गुरवापेक्षा मोठे गंध होते. सोबत कॅमेरा घेतलेला एक सहायक होता. देवळात पाऊल ठेवताच त्यांनी आधी प्रकाश कोठून येतो ते पाहिले, नंतर देवी.

"आपण आता एक फॅमिली आहोत, काकी," ते आईला म्हणाले. "म्हणूनच मी म्हटलं, ऑफिसात नको. आधी देवीचा कौल, मग सही. तिच्यासमोरच."

घरातल्या माणसाशी वागताना कोणी सहायकाला "इकडून घे, आईच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे" असे सांगत नाही. यांनी ते सांगितले, तेही हळू आवाजात नव्हे.

गुरव गाभाऱ्यात बसला. कळ्यांचे तबक पुढे घेऊन त्याने विचारले, "गाऱ्हान्यात काय घालू?"

"सोपं आहे," गृहस्थ म्हणाले. "मुलगा खूप मोठा होऊ दे, म्हणा."

मी म्हणालो, "त्यासाठी कौल लागत नाही. तो आशीर्वाद झाला. विचारावयाचे आहे ते या कराराविषयी. करारात काय आहे ते सांगितल्याशिवाय ती उत्तर कशाचे देणार? आपण तो वाचून दाखवा."

ते हसले. "गुरुजी, खूप पानं आहेत हो."

"नवरात्रात मी रोज तिच्यापुढे पाठ करतो. तिला लांब ऐकण्याची सवय आहे."

"इंग्रजीत आहे सगळं. देवीला इंग्रजी येतं का?"

"तिला मराठी येतं," आई म्हणाली. "तुमी मराठीत सांगा."

गृहस्थांनी घड्याळ पाहिले, सहायकाकडे पाहिले, आणि मग आवाज मऊ करून म्हणाले, "असं आहे काकी, वाचता येत नाही. गोपनीयतेचं कलम आहे. आतला मजकूर तिसऱ्या व्यक्तीला सांगायचा नाही."

"तिसरी कोन?"

"म्हणजे कंपनी एक, तुमचा मुलगा दोन. बाकी सगळे तिसरे."

आईने गाभाऱ्याकडे पाहिले. "ती तिसरी नाय. या गावात पयली तीच हाय."

देवळाच्या खांबाशी बसलेली माणसे हसली. गुरवाने कळ्या तबकात परत ठेवल्या आणि हात पुसले. "मंग माझ्यानं कौल लावायचा नाय. तिला डोळं बांधून विचारायचं असंल तर दुसरा कोन बघा."

मला आठवते ते त्यानंतरचे. तरुण इतका वेळ खाली मान घालून उभा होता. त्याने मला विचारले, "गुरुजी, पहिल्या वेळी तरी कुठं कुणी कागद वाचला होता? मग तेव्हा देवीनं कशाला हो म्हटलं?"

मी गुरवाला विचारले, "तेव्हा गाऱ्हाणे काय घातले होतेस?"

"पोर मुंबयला खेळाया चाललाय, सांभाळ नि यश दे, येवढंच."

"मग तेवढ्यालाच होकार होता," मी म्हणालो. "तू खेळावयास गेलास, सांभाळला गेलास, यशही आले. तिने शब्द पाळला. कागदाविषयी तिला कोणी विचारलेच नव्हते."

त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरले. वजन उतरवल्यावर दिसतो तसा तो म्लान दिसला नाही; उलट भरल्यासारखा दिसला. त्याने गृहस्थांच्या हातातून कागद घेतला.

"अरे, काँफिडेन्शियल आहे," गृहस्थ म्हणाले.

"सही केल्यावर. अजून मी कुठं केलीय?"

आणि तो देवीपुढे मांडी घालून वाचू लागला. वाक्य इंग्रजीत पाहायचे आणि मराठीत सांगायचे, जसे वर्गात श्लोकाचा अन्वय लावताना अडखळत असे तसेच. विजेतेपद मिळाले तर कराराची मुदत आपोआप वाढेल. दुखापत झाली किंवा लढत नाकारली तर तो काळ मुदतीत धरला जाणार नाही, पुढे जोडला जाईल. दुसऱ्या कोणी जास्त रक्कम देऊ केली तर तेवढीच देऊन त्याला ठेवून घेण्याचा पहिला हक्क कंपनीचा. त्याचा चेहरा, आवाज आणि नाव कायमचे कंपनीचे. एका पराभवानंतर कंपनी त्याला केव्हाही काढू शकेल. त्याला मात्र स्वतःहून जाता येणार नाही.

आई ऐकत होती. ती म्हणाली, "म्हंजे जिकला तर सोडनार नाय, नि हरला तर ठेवनार नाय?"

"हो गो आई."

"मंग सुटायचं तर हरायचं? आसला कसला खेळ रे ह्यो?"

इंडस्ट्रीत सगळीकडे असेच असते, असे काहीसे गृहस्थ सहायकाला उद्देशून म्हणाले. सगळीकडे असते म्हणून ते योग्य ठरते, असा तर्क मी विद्यार्थ्याच्या वहीत पाहिला असता तर त्याखाली रेघ मारली असती. पुढे ते तरुणाला म्हणाले, "विचार कर. शेवटची फाईट कधी लावायची, ते आमच्या हातात आहे." कुटुंबाचा विषय तेथे संपला. सहायकाने तेवढ्यात प्रसादाचे खोबरे खाऊन घेतले होते. जाताना त्यांची गाडी वळवण्यासाठी वाडीतल्या चौघांना भाताच्या बांधावर उभे राहून हात दाखवावे लागले. त्यांना त्यांनी काचेतूनही नमस्कार केला नाही.

कौल लावला गेला नाही. सहीही झाली नाही.

जे बोलले ते त्यांनी केले. पावसाळाभर त्याला लढत दिली नाही. दुसरीकडे खेळण्याची करारात मनाई होती. तो कापड्याच्या शेतात लावणीला राबला आणि संध्याकाळी देवळामागच्या माळावर एकट्याने सराव करीत राहिला. मग एकाएकी निरोप आला: थोड्याच दिवसांत लढत, आणि समोर वरच्या वजनाचा मल्ल. नाकारली असती तर जुन्या करारानुसारही मुदत पुढे सरकली असती. तो गेला आणि गुणांवर हरला. भुवई फाटली होती. अर्धे मानधन घेऊन आला, आणि जुना करार तेथे संपला.

देवळात नारळ वाढवताना मी त्याला विचारले, "पश्चात्ताप होतो का?"

"हरल्याचा होतो," तो म्हणाला. "पण गुरुजी, आता मला कुणाला विचारायला लागत नाय, खेळू का म्हणून."

हल्ली तो एकेका लढतीपुरताच करार करतो. नाव आहे, आमच्या खोऱ्यांतली माणसे त्याच्यासाठी तिकीट काढतात, म्हणून लहान आयोजकही त्याच्याशी नीट बोलतात. मोठ्या कंपनीचा पिंजरा, तिथला प्रकाश, ते सारे गेले. काही महिने कामच नसते. प्रत्येक करार तो सहीपूर्वी देवीपुढे बसून मोठ्याने वाचतो. मागच्या खेपेला मी होतो. त्यातही दोन कलमे मला आवडली नाहीत. ती वाचताना त्याचाही आवाज खाली गेला. आईने लगेच म्हटले, "मोठ्यानं वाच. तिला ऐकू जायला हवं." त्याने मोठ्याने वाचली आणि त्यांतले एक खोडून आणले. दुसरे तसेच राहिले.

शिमग्यात पालखी ज्या खांद्यावर होती तो हाच खांदा. सरावात तो एकदा निखळला होता आणि त्याचा खर्च कोणी दिला नव्हता. पालखी मात्र त्यावर तोलून होती.

वाचकहो, ती डोंगरातली माय तुमच्या घराचे रक्षण करो. तुमच्या मुलाबाळांच्या कष्टांचे मोल त्यांच्या हाती पुरते पडो. आणि तुमच्या देवघरापुढे मोठ्याने वाचता येणार नाही अशा कागदावर तुमच्या घरातल्या कोणाचाही हात कधी न उमटो. शुभं भवतु.