फणसाच्या रंगाची अमेरिकन गाडी

या हो, अशा दारातल्या दारात काय उभ्या राहता? पुढे या, अगदी जवळ बसा. आणि तो फोन आधी पालथा घालून ठेवा बघू. माणूस समोर बसलेलं असताना काचेवर बोटं फिरवायची ही कुठली रीत म्हणते मी! मला बघायचं तर मला बघा, नाहीतर डोळे मिटून घ्या, कारण मी जे दाखवणार आहे ते मिटल्या डोळ्यांनीच नीट दिसेल... एका लांबलचक गाडीची मागची सीट आहे, काळ्या रेक्झिनची, शिवणीशी जरा उसवलेली. गाडीच्या सगळ्या काचांवर बाहेरून मराठी वर्तमानपत्र चिकटवलेलं आहे. अजमानच्या हिवाळ्यातलं सकाळचं कोवळं ऊन त्या कागदातून गाळून आत येतंय, मधासारखं, आणि त्या मधाच्या उजेडात परकर सावरून पाय पोटाशी घेतलेली एक मुलगी काचेवरची अक्षरं बोटानं लावत बसली आहे. ती मी.

माझे बाबा गाड्यांचे डेंटर-पेंटर, चेपलेला पत्रा सरळ करून रंगवणारे. कोकणातून आधी मुंबईला गेले, आणि मुंबईहून बोटीनं इकडे, दुबईजवळच्या अजमानला आले, त्या काळी येत तसे. खाडीपासून फार लांब नसलेल्या एका वाळूच्या मैदानात पत्र्याचं गॅरेज होतं. मालकी एका अरबाबाची, म्हणजे इथल्या मालकाची, हात बाबांचे. मागे दोन खोल्या होत्या, तिथे आई, बाबा आणि मी. तेव्हा बायकामुलं घेऊन आलेला कामगार विरळाच. आजूबाजूला सगळे एकटे पुरुष राहायचे, बारा गावचे. लहान मूल असं मी एकटीच. खेळायला कोणी नाही, भांडायला कोणी नाही. खारा वारा, शेजारच्या भट्टीतून येणारा खुबूसच्या रोट्यांचा खरपूस वास, दुपारच्या उन्हात तापून चटचट आवाज करणारे पत्रे, आणि या सगळ्यांवर पसरलेला थिनरचा वास... तो वास अजूनही कुठे आला की माझं पाऊल थबकतं. लोकांना त्यानं डोकं दुखतं, मला घर आठवतं.

त्या अंगणात ती गाडी आली तेव्हा तिचं तोंड पार चेपलेलं होतं. अरबाबानं ती अमेरिकेहून नवीकोरी मागवलेली, दोनच दारांची, पुढचं नाक एवढं लांब की त्यावर आमच्या खोलीतली खाट मावली असती. इंजिन सुरू झालं की जमिनीतून गुरगुर उठायची आणि आईच्या मांडणीवरची फुलपात्रं थरथरायची. रास अल खैमाच्या रस्त्यावर संध्याकाळच्या अंधुक उजेडात तिच्यासमोर उंट आला. अरबाब वाचला, पण गाडीवरून त्याचं मन उडालं. "ठेव तुझ्याकडे, बघू पुढे, इन्शाल्ला," असं म्हणून तो गेला, आणि ती बोरीच्या झाडाखाली उभी राहिली ती राहिलीच.

कोणी मागितलं नव्हतं, कोणी घाई केली नव्हती. तरी बाबा दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, तिच्यापाशी बसायचे. चेपलेला पत्रा हातोडीनं हलके हलके वर काढायचा, पुट्टी भरायची, ती वाळली की पाणी लावून काचकागद घासायचा. आई म्हणायची, "अहो, एक दिवस तरी आमच्यासंगती बसा. त्या सवतीचं तोंड किती गोंजाराल?" बाबा हसून म्हणायचे, "अगं, उद्या तिला सासरी धाडायचीय. अशी थोबाड फुटलेली कशी धाडू?"

आता ते वर्तमानपत्राचं सांगते. गाडीला रंग मारायचा तर दर हाताला काचा नव्यानं झाकाव्या लागतात. कडेला चिकटपट्टी आणि मधे रद्दी, गव्हाच्या पिठाच्या खळीनं डकवलेली. आमच्याकडची रद्दी कुठून यायची? मुंबईहून येणाऱ्या माणसांच्या पेटीतून. कोणी सुकट गुंडाळून आणायचं, कोणी लोणच्याची बरणी, कोणी सोलं. आई ते कागद उलगडून, हातानं इस्त्री केल्यासारखे सारखे करून ठेवायची. म्हणून माझ्या पहिल्यावहिल्या वाचनाला सुकटीचा वास आहे, आणि जिथे लोणच्याचं तेल झिरपलं होतं तिथली अक्षरं उन्हात जास्त उजळ दिसायची. शाळा म्हणाल तर मला तीच. दुसरी मराठी शाळा मी पाहिली नाही. अक्षरओळख आईनं पाटीवर करून दिली, पण वाचायला लागले ते त्या मागच्या सीटवर बसून. काचेकडे तोंड केलेली बाजू आतून सुलट दिसे, आणि तिच्यामागे पलीकडच्या पानाची अक्षरं सावल्यांसारखी उलटी तरंगत.

मी एकदा बाबांकडे तक्रार केली की मागच्या काचेवर नुसते भाव आले आहेत, कांद्याचे नि बटाट्याचे. तेव्हापासून त्यांनी एक रीत पाडली. खळ लावायच्या आधी पान दोन्हीकडून बघायचे आणि मला हाक मारायचे, "बाय, आत काय हवंय तुला... बातमी की गोष्ट?" मी ओरडायचे, "गोष्ट!" मग गोष्टीची बाजू आत यायची. काचेच्या आकाराला कागद कापताना शेवट कधी कधी कापला जाई. राजपुत्र विहिरीपाशी पोचायचा आणि पुढे रबरी पट्टी. मग उरलेलं मी सीटवर आडवी पडून मनातल्या मनात पुरं करायचे. एकटं मूल असतं ना, त्याला शेवट आपला आपणच करायची सवय लागते.

बातम्याही वाचायचेच म्हणा. एकदा जेवताना मी आईला घाबऱ्या घाबऱ्या सांगितलं, "आई, उद्या दादरला पाणी येणार नाहीये!" पान कधीचं होतं देव जाणे. आई भाकरी थापत म्हणाली, "असं? मग तुझ्या मामाला सांग हो, पिंप भरून ठेव म्हणावं." आणि दोघंही इतकी हसली की मला रडू आलं.

रंगाचा दिवस मात्र सणासारखा असायचा, फक्त उलटा. सणाला तळण असतं. आमच्याकडे रंगाच्या दिवशी चुलीवर फोडणीसुद्धा नाही. तेलाचा धूर ओल्या रंगावर बसला की डाग पडतात, म्हणून त्या दिवशी पेज आणि लोणचं, बस्स. कपडे झटकायचे नाहीत, केर काढायचा नाही, अंगणातून धावायचं नाही. वारा उठायच्या आत, पहाटेच बाबा वाळूवर पाणी शिंपडून धूळ बसवायचे. नाकाला रुमाल बांधून, रंगाचा फवारा हातात घेऊन ते गाडीभोवती फिरायला लागले की हात असा सरळ जायचा, समुद्रावरून बगळा जातो तसा, न हलता. मी आणि आई खोलीच्या उंबऱ्यात बसून बघायचो, बोलायचोसुद्धा हळू. पुढचा रंग नवा नि मागचा उन्हानं विटलेला दिसला असता, म्हणून बाबांनी अख्खी गाडी खरवडून पुन्हा रंगवली होती. रंग डब्याच्या झाकणावर कालवून, उन्हात धरून, पुन्हा कालवून, शेवटी कारखान्याच्या मूळ रंगाशी जमवलेला. पिवळा, पण हळदीसारखा नव्हे नि लिंबासारखाही नव्हे. पिकलेल्या फणसाच्या गऱ्याचा पिवळा, ज्यात थोडं केशर असतं. अमेरिकेतल्या कारखान्याला फणस कुठून माहीत असणार? पण आई म्हणालीच, "अगोबाई, हा तर आपला कापा फणस!"

मग एक दिवस अरबाब आला, गाडीभोवती फिरला, कुठेच काही सापडेना म्हणून पुन्हा फिरला. "माशाल्ला," म्हणाला, आणि गाडी घेऊन गेला. जाण्याआधी बाबांनी काचांवरचे कागद ओल्या फडक्यानं भिजवून, नखही न लावता सोडवले होते. एक कपटा मागे ठेवला नाही. बोरीखाली गाडीच्या आकाराची कोरडी जमीन उरली, आणि मी तिच्या मधोमध जाऊन बसले. आईनं हाक मारली तरी उठले नाही. मला वाटत होतं, माझी खोलीच कोणी चालवत घेऊन गेलं...

पुढे सगळं झालं, जसं सगळ्यांचं होतं. लग्न इथेच झालं, दुबईत संसार झाला, आईबाबा गावी परतले आणि तिथेच एकामागून एक गेले. गॅरेजच्या जागी आता कसली तरी उंच इमारत आहे. हेही गेले. मी मुलाकडे असते, इथे दुबईतल्याच इंटरनॅशनल सिटीत. आणि परवाच्या हिवाळ्यात मुलाला एक फोन आला. अजमानला आमच्या शेजारी मल्याळी किराणावाला होता, त्याच्या मुलानं नंबर दिला म्हणे. बोलणारा त्या अरबाबाचा नातू, सालिम.

गाडी त्याच्या आजोबांच्या रास अल खैमाच्या शेतावर, शेडमध्ये ताडपत्रीखाली तशीच होती. आम्हाला तिकडे नेण्याआधी सालिम म्हणाला, आणि मला मोठं गमतीचं वाटलं, की अमेरिकेच्या त्या काळच्या ज्या नावाजलेल्या दांडगट गाड्या, त्या आता सामान्य शौकिनाच्या हाताबाहेर गेल्या. म्हणून लोक इतकी वर्षं ज्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही अशा गाड्या शोधायला लागलेत. ही त्यातलीच. भंगारात जायच्या लायकीच्या म्हणून कितीतरी कापल्या गेल्या, त्यामुळे आता उरलेलीला भाव. आणि त्यातही कारखान्याचा मूळ रंग असेल तर विचारूच नका. बघून गेलेल्यांना रंग मूळचाच वाटला होता. पण आजोबा केव्हाच गेलेले, आणि खात्रीनं सांगणारं, तेव्हाचं कोणी माणूस हवं होतं. ते माणूस मी.

सिमेंट कारखान्यांच्या धुळीनं पांढरे पडलेले डोंगर ओलांडून आम्ही शेतावर गेलो. सालिमनं ताडपत्री ओढली आणि... काय सांगू? शेडच्या अंधारात कोणी फणस फोडावा तसं झालं.

त्यानं व्हिडिओ काढायला फोन माझ्यासमोर धरला. "खालती, तुम बोलो. तुम छोटा था, देखा था. ये पेंट कंपनी का है ना? कोई टच नहीं किया?" खालती म्हणजे मावशी. पोरगा गोड, डोळ्यांत किती आशा!

मुलानं मागून माझ्या कानाशी म्हटलं, "आई, हो म्हण ना. काय बिघडतंय? त्याचं भलं होईल, आपलं काय जातंय?"

काय जातंय! मी मागच्या काचेच्या रबरी पट्टीवरून बोट फिरवत गेले. कुठे एखादं अक्षर, कागदाचा तुकडा, खळीचा डाग, रंगाचा शिंतोडा... काहीच नाही. चांगल्या रंगाऱ्याचं असंच असतं, तो तिथे होता हे कळता कामा नये. बाबा जन्मभर तेच करत राहिले. या देशात त्यांनी किती गाड्या रंगवल्या असतील, त्यातली ही एक उरली, आणि हिच्यावर ते होते असं सांगणारी या जगात मी एकटी. मी हो म्हटलं असतं तर बाबा त्या गाडीवरून कायमचे पुसले जाणार होते. आणि नाही म्हटलं तर या पोराच्या हातातोंडाशी आलेला घास जाणार.

मी फोनकडे बघून, आमच्या मोडक्या हिंदीत म्हटलं, "नहीं बेटा. ये पेंट मेरे पिताजी का है। पूरा गाडी उन्होंने पेंट किया।"

सालिमचा हात खाली आला. "खालती... शुअर?"

"शुअर. इसमें इन्शाल्ला नहीं है।"

त्यानं फोन खिशात ठेवला. मग म्हणाला, "खलास. जो सच है वो सच है." मुलगा माझ्यावर चिडून बाहेर जाऊन उभा राहिला होता. सालिमनं मला पुढे नेलं, बॉनेटवर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "ये भी उनका? ये भी?" मी मान हलवत राहिले. त्यानं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यानं दोनदा म्हणून पाहिलं, दोन्ही वेळा चुकलं, आणि आम्ही दोघं हसलो. मग त्यानं दार उघडून धरलं, पण मागच्या सीटवर जायला माझे गुडघे तयार होईनात. बाहेरूनच वाकून आत पाहिलं. किती लहान होती हो ती जागा.

पुढे नातीनं तिच्या फोनवर विक्रीची जाहिरात शोधून दाखवली. सालिमनं शब्द पाळला होता, खोटं काही लिहिलं नव्हतं. नात वाचत होती, "ओल्ड रीपेंट, एक्सलंट वर्क, डन बाय अ लोकल गॅरेज."

"आणि नाव गं? नाव नाही लिहिलं?"

"नो नेम, आज्जी. दे डोन्ट पुट नेम्स ऑफ पेंटर्स." माझा चेहरा बघून तिनं गालाला हात लावला. "इट्स ओके ना, आज्जी? दे सेड एक्सलंट."

हो, ओके. गाडी गेली, कुठल्याशा थंड देशात गेली म्हणे. भाव थोडा उतरला असेल, सालिमनं काही कळवलं नाही आणि मी विचारलं नाही. तिथे कोणी तरी तिच्यावरून हात फिरवत असेल, लोकल गॅरेजचा रंग म्हणून.

माझ्या वडिलांचं नाव दत्ताराम. बघा, किती सोपं आहे, तुम्ही पहिल्याच वेळी बरोबर म्हणाल. हे नाव घ्यायला आता माझ्या घरी दिवसभर कोणी नसतं. मुलगा-सून कामावर, नात शाळेत, आणि समोर सगळ्या इमारती एकसारख्या, म्हणून इथे नवखं माणूस चुकतंच. तुम्ही आपलं पुन्हा याल तेव्हा बसमधून उतरलात की फोन करा, मी खाली येऊन उभी राहीन. पण या हं लवकर. येते येते म्हणून हिवाळा काढू नका.