इद्दतीतल्या चार वाजता

कमरेवर एक हात, डावी भुवई वर आणि तोंडात "काऊन?", म्हणजे आमच्याकडचं "का?". बाई अशाच दारात उभ्या राहत. अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. उत्तर मिळेपर्यंत हलत नाहीत. बल्लारपूरच्या शाळेत मी त्यांच्या हाताखाली शिकवायला लागले आणि घरही त्यांच्या समोरच मिळालं. त्या निवृत्त झाल्या, पण माझी सुटका झाली नाही.

त्यांच्या शेजारी आपा राहत. ईदचा शिरखुर्मा इकडे येई, बुद्धपौर्णिमेची खीर तिकडे जाई. त्यापलीकडे बाईंना आपांच्या घरातलं फारसं ठाऊक नव्हतं.

आपांचे मियाँ वारले आणि आपा बाहेर दिसेनात. शेवटी बाईंचं डोकं फिरलं. मला सोबत घेऊन त्या आपांच्या लेकावर चाल करून गेल्या. "काऊन रे, मायले कोंडून ठेवलं तू?"

आतून आपाच आल्या. "कोणी नाई कोंडलं, बाई. मी इद्दतीत आहो. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घरीच राहाचं, सजाचं नाई. आमच्यात असंच आहे."

बाईंचा कमरेवरचा हात खाली आला. मग खाली बसत म्हणाल्या, "आमचे गेले तवा आठवड्यात मी फळ्यापुढं उभी होती. मले कोणी बस म्हटलंच नाई." आणि इतक्या वर्षांनी, परक्या घरात, त्या नवऱ्यासाठी रडल्या. मलाही राहवलं नाही.

त्या दिवसापासून कारखान्याचा चारचा भोंगा झाला की बाई आपांकडे. कुराणाचा मराठी तरजुमा मागवला. आपा अरबीत वाचत, बाई मराठीत, आणि मध्येमध्ये "काऊन?" रोज्यात पाणीही नाही, ते काऊन? कमाईतली जकात गरिबाले द्याची, ते काऊन? आपा थकून म्हणाल्या, "हे मौलानांले विचारा." बाई खरंच विचारून आल्या.

गल्ली बोललीच. विहारात कुणीतरी टोकलं, "बाई, मुसलमान होता काय आता?"

"नाई. शेजारीण होऊन राह्यली. इतके वर्षं नुस्ती बाजूले राहत होती."

वंदनेलाही त्या आता घाई करत नसत. मला म्हणाल्या, "अनित्य अनित्य म्हणत मी दुःखाले वर्गाबाहेर उभं केलं होतं. आपानं मले त्याच्यापाशी बसाले शिकवलं."

यंदा उन्हाळ्यात बाई झोपेतच गेल्या. आपा ढसाढसा रडल्या. चौथ्या दिवशी मात्र डोळे पुसून कामाला लागल्या. "नवरा सोडून बाकीच्यांचा शोक तीनच दिवस," म्हणाल्या. मला ते जरा लागलंच.

चारचा भोंगा झाला. बघते तर आपा बाईंच्या कुलूपबंद दाराशी, ओट्यावर चटई टाकून बसलेल्या.

"आपा, आता काऊन?"

"शोक नाई करून राह्यली," त्या सरकून जागा देत म्हणाल्या. "बाईची बसाची वेळ झाली ना."

मी चपला काढल्या आणि बसले.