चिंधूनं गाळलेली ओळ

पाहणीवाल्यांची गाडी आंधळगावात आली तेव्हा फॉर्मवर सही कोणी करायची यावरूनच पहिली जुंपली.

"द्या इकडं. त्याचं सगळं मीच पाहतो," म्हणत लक्ष्मणरावांनी धाकट्या भावाच्या नावाचा कागद ओढला.

पाहणीसाठी नागपूरहून आलेली कीर्ती म्हणाली, "त्यांनाच विचारू ना. भाऊ, तुम्हाला चालेल का?"

ओसरीवर मांडी पसरून बसलेला चिंधू हसला. "दादा, माहे पाय गेले गा. हात चरखा चालवतेत."

त्यानं सही केली. सातवीपर्यंतचं अक्षर, पण ठसठशीत. लक्ष्मणरावांनंतरची दोन लेकरं गेली म्हणून आईनं त्याचं नाव चिंधू ठेवलं, म्हणजे मरणाची नजर पडू नये. तो जगला. अकराव्या वर्षी पायाचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांनी बापाला विचारलं. अपंगाचा दाखला काढताना साहेबानं भावाला विचारलं. चाळीस वर्षांत "तुम्हाला चालेल का?" हे त्याला पहिल्यांदाच कोणीतरी विचारत होतं.

पाहणी होती गावातल्या तरुण पोरापोरींच्या आणि अपंग माणसांच्या मनाच्या दुखण्याची. प्रश्न विचारायला गावातलंच माणूस हवं होतं. कीर्तीनं चिंधूलाच घेतलं. दिवसभर तो विणकरांसाठी चरख्यावर कोशाच्या रेशमी सुताच्या कांड्या भरी, आणि त्या न्यायला घरोघरच्या पोरी त्याच्याकडे येत.

पहिला आठवडा वाया गेला. परक्या बाईपाशी पोरीला एकटीला बसवायची रीत नाही. कीर्ती विचारी, "झोप लागते का?" आणि दारातून काकू उत्तर देई, "ढोरावानी झोपते व बाई!" घरभर हशा. पोरगी खाली मान घालून हसे. कागदावर 'ठीक'.

"म्याडम," चिंधू म्हणाला, "तुमच्या कागदावर आंधळगावात कोनालेच दुख नाही."

"मग काय करू या?"

"माह्या छपरीत विचारू. चरखा चालू असला का बाहेर काहीच आयकू येत नाही."

पण प्रश्नांआधी एक ओळ वाचून दाखवायची होती: तुमच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर ही गोष्ट आम्हाला मदत करणाऱ्यांना सांगावी लागेल. चिंधूनं ती तीन पोरींना वाचली. तिघीही कांड्या घेऊन उठल्या. चौथीला त्यानं ती वाचलीच नाही. म्हणाला, "इथलं इथंच राहीन."

ती तासभर बोलली. मग पाचवी, मग सहावी. कीर्तीनं कागद पाहिले. "चिंधूभाऊ, हे तुम्हालाच जमलं!" त्यानं चरख्यावर नवी कांडी चढवली.

मग रुचिका आली. पुंडलिकराव विणकराची मुलगी, एकोणीस वर्षांची. घरात सूत भरायला हात कमी पडले म्हणून कॉलेज सुटलं होतं. आधी ती मोबाइलबद्दल बोलली, मग आईबद्दल. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "काका, आयतवारनंतर मी नसीन."

चरखा थांबला.

"चालू ठेव ना," ती म्हणाली. "बाहेर आयकू जाईन."

"रुचिका, असं काहून बोलून राहिली व?"

"बोलून नाही राहिली. ठरवलं हाय. तू कोनाले सांगशीन नाही ना? तूच म्हटलं, इथलं इथंच."

"हो," चिंधू म्हणाला.

तो शुक्रवार होता. ती गल्लीच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत त्यानं पाहिलं आणि फोन उचलला.

ऐकताच कीर्तीचा आवाज बदलला. "तिला ती ओळ वाचली होती ना?"

"नाही वाचली."

"मी निघते. नागपूरहून पोचायला दोन तास लागतील. तोवर आशाताईंना तिच्याजवळ पाठवा. घरी कुणाला सांगू नका, मी येऊन बोलते."

आरोग्यखात्याच्या 'आशा' कार्यकर्त्या ललिताबाई लगेच गेल्या. पण आईला कारण न सांगता परक्याच्या पोरीजवळ जाऊन बसायचं कसं? उंबऱ्यावरच त्यांनी आईच्या कानात सांगितलं. आईनं हंबरडा फोडला. कीर्तीची गाडी गल्लीत शिरली तेव्हा बाया दारादारात उभ्या होत्या आणि पुंडलिकराव ओरडत होता, "कोनाचं लफडं हाय, सांग!"

रुचिका वाचली. भंडाऱ्याला डॉक्टरकडे नेलं, औषधं सुरू झाली.

कीर्तीनं चिंधूला रागावलं नाही. इतकंच म्हणाली, "बाकीच्या मुलींना खरं सांगावं लागेल. आपणच." ज्यांच्या ज्यांच्यापुढं त्यानं ती ओळ गाळली होती, त्या प्रत्येकीला त्यानं आता ती वाचून दाखवली. एकजण रडली. एकीनं विचारलं, "म्हणजे माहंही सांगशीन?" बहुतेकींनी आपले कागद परत मागितले आणि त्याच्यासमोर फाडले. कांड्या न्यायला आता त्यांचे भाऊ येऊ लागले.

रुचिकाला तुमसरकडच्या बपेऱ्याला मामाकडे ठेवायचं ठरलं. जायच्या दिवशी मामाची मोटारसायकल छपरीपाशी आली तेव्हा ती उतरली.

"तू आधीच सांगतलं असतं, का असं असन तं सांगा लागते," ती म्हणाली.

"तं तू बोललीच नसती."

"नसती बोलली. पन ते मी ठरवलं असतं."

"अन् आयतवारी? मी का करू? चूप राहू?"

ती नखानं छपरीच्या खांबाचा रंग खरवडत राहिली.

"जित्ती हायेस व, पोरी."

"हाय ना. न्हानीत गेली तरी माय दाराशी उभी राहते. नाव घेऊन घेऊन हाका मारते. कडी काढून टाकली." तिनं ओढणी सारखी केली. "तिथं बपेऱ्यालेबी तसंच असन. मामीले सांगून ठेवलं सगळं."

"म्याडमचा नंबर आहे ना तुह्याजवळ?"

"मोबाइल बाबानं ठेवून घेतला."

मामानं किक मारली. ती मागे बसली. चिंधू चरखा बाजूला सारून, "थांब व, नंबर लिहून देतो, थांब," म्हणत दोन्ही हातांवर अंग ओढत छपरीच्या कडेला आला. तोवर मोटारसायकल तुमसरच्या रस्त्याला लागली होती.