टाळी झाली, परत न्हाई

भागवतच्या पोराचा सकाळी फोन आला. “काका, आण्णा गेले.” मी म्हणालो, “त्याला सांग, या वेळी मी टाळी देणार न्हाई.” पलीकडं पोरगा रडायला लागला, तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात शिरलं. भागवतचा कुठलाही निरोप म्हणजे मला गंडवायचा नवा डाव, ही चाळीस वर्षांची सवय. ती अशा वेळी तोंडातून निघाली.

तरी माझा राग खोटा नव्हता. धारूरजवळच्या आमच्या गावात, शाळेची परीक्षा संपली की लिंबाखाली पोरांचा बाजार भरायचा. पोत्याचं अंथरूण, त्यावर वरच्या वर्गात गेलेल्यांची जुनी पुस्तकं, गोट्या, भोवरे. आईबापांबरोबर ऊसतोडीवरून परतलेली पोरं तिकडच्या शिट्ट्या आणि चाकं निखळलेल्या मोटारी मांडायची. पैसा कुणाकडंच नसायचा, सगळी अदलाबदल. तालुक्यात जुन्या सामानाची दुकानं नंतर झाली; हा धंदा आमच्या लिंबाखालीच जन्मला असं माझं ठाम मत आहे. कायदा एकच. सौदा ठरला की दोघांनी हातावर हात मारायचा, आणि टाळी झाली की परत न्हाई.

भागवत माझ्यापेक्षा एक इयत्ता पुढं. त्यानं मला चौथीचं मराठीचं पुस्तक दिलं, मी त्याला आमच्या बैलाच्या गळ्यातली पितळी घंटी दिली. टाळी झाली. घरी वडलांनी घंटीपायी बडवलं. पुढं शाळा उघडली, गुरुजींनी कविता विचारली, मी ताठ उभं राहून घडाघडा म्हटली. “ही कुठली रे?” गुरुजी म्हणाले. कव्हर नव्या पुस्तकाचं, आतलं पुस्तक अभ्यासक्रमातून बाद झालेलं! अख्खी सुट्टी मी बाद कविता पाठ केल्या होत्या. वर्ग हसून लोळला. त्या दिवशी ठरवलं, घंटी परत आणीन तेव्हाच ह्याला सोडीन.

पुढं भागवतनं धारूरला जुन्या सामानाचं दुकान टाकलं आणि माझी घंटी मुद्दाम दाराशीच टांगली. मी सूड घ्यायला दांडीला चीर गेलेली सायकल त्याच्या गळ्यात मारली. त्यानं रंग देऊन ती माझ्याच मेव्हण्याला दिली, आणि बहिणीच्या शिव्या मला. घंटी मागितली की म्हणायचा, “टाळी झालीय बे. कावून रडतू?” मागच्या दिवाळीत त्यानं मला भिंतीचं घड्याळ दिलं. दिवसाला वीस मिनिटं मागं पडतं. रोज सकाळी काटा पुढं करायचा.

त्या सकाळी फोननंतर काटा पुढं करायचं विसरलो. भागवतची माती दुपारी एक वाजता होती. घड्याळ बघत सावकाश निघालो, खिशात मोबाइल असून. पोचलो तर माणसं हातपाय धुऊन परत फिरत होती. मरूनसुद्धा जिंकला!

तेराव्यानंतर घड्याळ पिशवीत घालून त्याच्या दुकानात गेलो. आता ‘परत न्हाई’ म्हणणारा उरला नव्हता. घड्याळ ठेवायचं, घंटी घ्यायची, एवढाच सूड. वहिनींना सांगितलं, तर म्हणाल्या, “घेऊन जा की भाऊजी, तुमचीच हाय म्हणायचे.” खिळ्यावरून काढली, कानाजवळ धरून हलवली. आवाज नाही. पुन्हा हलवली.

“ती कदीच वाजली न्हाई,” वहिनी म्हणाल्या. “आत लोलकच न्हाई. मी लई बार म्हणले, बसवून घ्या. तर म्हणायचे, लोलक उद्या आणतो म्हणून गेलाय एक जण… यील.”

तो एक जण मीच. लिंबाखाली टाळी द्यायच्या आधीच लोलक काढून मी चड्डीच्या खिशात घातला होता. भागवतनं विचारलं तेव्हा म्हणालो होतो, “घरी राहिला, उद्या आणतो.” नंतर तो गोफणीत घालून कावळ्यावर भिरकावला. कावळासुद्धा वाचला. हे सगळं चाळीस वर्षं मला आठवलंच नाही. बाद पुस्तक मात्र पानासकट ध्यानात होतं.

घंटी मी परत खिळ्याला अडकवली आणि घड्याळ घेऊन घरी आलो. आता रोज सकाळी काटा पुढं करत नाही. बायको चिडते, चिडू दे. ते मागं पडत चाललंय, आणि आमच्या घरात ‘उद्या’ जरा उशिरा येतो… आणतो बे लोलक, भागवत.