पाणी येतं का, पावणं?

कोल्हापुरात असं एकही घर नसेल, जे आमच्या पावण्यांनी कुणाला ना कुणाला दाखवलेलं नाही. मालकाला ते विकायचंय की नाही, ही त्यांच्या दृष्टीनं फार पुढची गोष्ट. पावणं म्हणजे माझ्या धाकट्या जावेचे थोरले भाऊ. धंदा घर-जागांचा; ते स्वतःला एजंट म्हणवतात आणि त्यांची बहीण त्यांना दलाल म्हणते. जावेचा भाऊ म्हणून आम्ही त्यांना पावणं म्हणतो, आणि ते अख्ख्या जगाला पावणं म्हणतात, त्यामुळं त्यांचं खरं नाव बहुधा पोस्टमनलाच ठाऊक असावं. एकदा मी तव्यावर भाकरी टाकली होती, तर हे दोन अनोळखी माणसं घेऊन थेट स्वयंपाकघरात. "हे किचन. पूर्वेचा उजेड हाय, वट्ट्याला काळा दगड हाय." त्यातल्या बाईंनी माझ्याकडं बघितलं, तसे म्हणाले, "ह्या आक्का. ह्या घराबरोबर येत न्हाईत." आमचं घर तेव्हा विकायला नव्हतंच. माणसं गेल्यावर मी जाब विचारला, तर मलाच म्हणाले, "इकायचं नसलं म्हणून काय झालं? चांगलं घर कसं असतंय ते गिऱ्हाइकाला कळाय नको?" आता ह्यावर रागवायचं तरी कसं? मी त्यांनाही एक भाकरी वाढली.

किल्ल्यांचा जुडगा म्हणाल तर एवढा, की पावणं यायच्या आधी गल्लीत त्यांचा आवाज यायचा. देवळातली घंटा आणि पावणं ह्यांत माझी सासू शेवटपर्यंत गफलत करायची. अंतर मोजायची त्यांची रीतही वेगळी. कुठलीही जागा कुठूनही पाचच मिनटांवर. गारगोटीच्या रस्त्याला पार शेतात उभी असलेली इमारत रंकाळ्यापासून पाच मिनटं, आणि रंकाळ्याजवळची स्टँडपासून पाच मिनटं. गच्ची असली की तिच्यावरून जोतिबाचा डोंगर दिसणारच. एक मास्तर बिचारे गच्चीवर चढून चारी दिशांना फिरले आणि म्हणाले, "कुठं दिसतोय हो?" पावणं शांतपणे म्हणाले, "आदी हात जोडा." बाकी कुठल्याही प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर, हाय की. लिफ्ट? हाय की. पार्किंग? हाय की. शेजार चांगला आहे का? हाय की, मी सोता त्यांना आणून बसवलंय.

पण पावण्यांची खरी कसोटी पाण्याची. आमच्या गावात घर घेणारा माणूस "पाणी येतं का?" हा प्रश्न दोन अर्थांनी विचारतो. एक नळाचं पाणी, ते यायला हवं. दुसरं पंचगंगेचं, ते येता कामा नये. शब्द मात्र तेच. पावणं गिऱ्हाइकाचा चेहरा बघून ओळखायचे कुठलं पाणी ते, आणि तसं उत्तर द्यायचे. एकदाच चुकले. कुरुंदवाडचं एक जोडपं आलं होतं, पुराला कंटाळून इकडं घर शोधत. कुरुंदवाडच्या माणसाच्या मनात पाणी म्हणजे नदीच. त्यांनी विचारलं, आणि पावणं उत्साहात म्हणाले, "येतं की. रोज सकाळी येतं. जोर तर एवढा, तिसऱ्या मजल्यापत्तोर चढतंय." ती माणसं चपला हातात घेऊन जिना उतरली.

आणि मग सरकारनं नियम काढला. आता म्हणे घरं विकणाऱ्या एजंटानं रीतसर शिकायचं, परीक्षा द्यायची, नोंदणी करून नंबर घ्यायचा, तो जाहिरातीत छापायचा, आणि गिऱ्हाइकाला खोटंनाटं सांगायचं नाही. पावणं दोन दिवस जेवले नाहीत, असं त्यांची बायको म्हणते. आमच्याकडं जेवत होते, हे तिला ठाऊक नाही. "निम्मं कोल्हापूर मी बशिवलं," ते म्हणत, "आन् आता माझीच परीक्षा?" पण परीक्षा दिल्याशिवाय धंदा नाही, म्हणून अभ्यासाला बसले, तेही आमच्याच कट्ट्यावर, आणि त्यांचं पुस्तक धरून प्रश्न विचारायला मी. "कार्पेट म्हणजे काय?" "भिंती सोडून आतली जागा." बरोबर. "गिऱ्हाइकाला खोटी माहिती दिली तर?" पावण्यांनी पुस्तक माझ्या हातातनं घेऊन पानं उलटली. मग म्हणाले, "आक्का, ह्यात एजंटानं बोलायचं काय ते दिलंय का कुठं?" शेंगा सोलत बसलेली त्यांची बहीण म्हणाली, "आण्णा, खरं बोल की." "ते परीक्षेपुरतं," पावणं म्हणाले. पास मात्र झाले. पेढे वाटले, आणि नवा बोर्ड रंगवून घेतला, त्यात नंबर एवढा मोठा की नाव कोपऱ्यात गेलं. भाजीवालीनं कोथिंबीर शिळी दिली, तरी हे तिला नंबर सांगून यायचे.

पुढं आमचं जुनं घर खरंच विकायला निघालं. मुलं पुण्यात, माझे गुडघे गेलेले, जिना होईना. मला आणि जावेला एवढंच हवं होतं, की दोन घरं मिळावीत, शेजारी शेजारी आणि तळमजल्याला. सगळा जन्म एका चुलीशी भांडलो. म्हातारपणी निदान भिंतीपलीकडं तरी भांडायला माणूस हवं. अशी जोडी सगळ्या गावात एकाच नव्या इमारतीत मिळाली, नदीच्या अंगाला. मधल्या भिंतीला एक खिडकीही ठेवतो, असं बिल्डर म्हणाला. जावेनं तर तिथं उभ्या उभ्या तुळशीची जागा ठरवली. इमारत नोंदवलेली, कागद चोख, आणि दाखवायला पावणं. त्या बिल्डरचा माणूस सोबत होता, तो म्हणाला, "जोतं उंच घेतलंय काकू, काळजीच नको."

मी आपलं सवयीनं विचारलं, "पावणं, पाणी येतं का?"

किल्ल्यांचा आवाज थांबला. पावण्यांनी एकदा बहिणीकडं बघितलं. ती अजून तुळशीच्या कोपऱ्यात पावलांनी जागा मोजत होती. मग ते म्हणाले, "येतं, आक्का."

"नळाचं?"

"नळाचंबी."

बिल्डरचा माणूस हसायला लागला, पण पावणं हसले नाहीत. "म्हापुराच्या साली मी हितं नावंतनं आलतो," ते म्हणाले. "तवा ही इमारत न्हवती. आता तुमची खिडकी जितं व्हणार, तेवढ्या उंचीनं आमची नाव गेलती."

त्या बिल्डरनं पावण्यांना परत दारात उभं केलं नाही. मी नंतर त्यांना म्हटलं, एरवी तुम्ही हाय की म्हणून मोकळे झाला असता. तर कानाला हात लावून म्हणाले, "परीक्षेत आलता तो प्रश्न. तेवढाच चुकला हुता माझा." मी त्यावर विश्वास ठेवला, असं त्यांना वाटतं.

जोडी काही मिळाली नाही. पुराच्या साली आमच्या जुन्या गल्लीची दोन्ही टोकं कोरडी राहिली होती, म्हणून पावण्यांनी तिथंच आम्हांला जागा शोधून दिल्या. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला जाऊ. मधे खोलगट आहे, उतरून परत चढायचं. मला वाटेत दोनदा टेकावं लागतं, आणि पोचेपर्यंत कशावरून भांडायचं होतं ते विसरायला होतं. मी पावण्यांना म्हटलं, "फार लांब दिलंत हो तिला." तर म्हणतात, "कुठं लांब? पाचच मिनटं हाय की."

एवढं एक खोटं त्यांचं राहिलंय, आणि ह्याची तक्रार कुठं करायची ते मला माहीत नाही. करणारही नाही. कारण संध्याकाळी दारात किल्ल्या वाजतात, मी जावेकडं जायला चपला घालते, स्कूटरवर एका अंगानं बसते आणि त्यांचा खांदा धरते. आता पावण्यांचंही वय झालंय, म्हणून गाडी अगदी हळू चालवतात. तरी एका दिवशी मी मुद्दाम घड्याळ बघितलं. पाचच मिनटं लागली.