पान तीनवरची वस्ती

त्या वस्तीवर पाहणीला मीच गेलो होतो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. ज्यांच्या अंगणात बसून पाणी प्यायलो, त्यांच्या तोंडावरसुद्धा मी म्हणालो की तेव्हा दुसरे साहेब होते. दुसरे साहेब कुणी नव्हते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पाणीयोजना करणाऱ्या एका सरकारी खात्यात मी ज्युनिअर इंजिनिअर होतो, अजून प्रोबेशनवर. ऑफिस शिरूरला, राहणं दौंडला, वडिलांच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. रोज एसटीने जा-ये.

घोड नदीकाठच्या एका गावाची नळयोजना माझ्याकडे आली. नदीत विहीर खणायची, पाणी उंच टाकीत चढवायचं, तिथून गावाला आणि आसपासच्या वस्त्यांना सोडायचं. त्याआधी पाहणी. घरं किती, माणसं किती, जनावरं किती. माणसांच्या आकड्यावरून टाकी केवढी आणि पाइप किती जाडीचा ते ठरतं. आकडाच नसेल तर पाइपही नाही. यात इंजिनिअरिंग एवढंच आहे, बाकी सगळा मोठेपणा.

या सगळ्याचा एक प्रोजेक्ट रिपोर्ट होतो. त्याचं पहिलं प्रकरण ‘भौगोलिक माहिती’. ते कुणी वाचत नाही म्हणून कुणी लिहीतही नाही. जुन्या रिपोर्टातून उतरवायचं आणि गावाचं नाव बदलायचं, अशी पद्धत. मी नवा होतो, मला हौस होती. मी ते स्वतः लिहिलं. ढग सह्याद्रीवरच रिते होतात आणि शिरूर-दौंडकडे नुसती त्यांची सावली येते, हे लिहिलं. काळी जमीन नदीकाठी, तिथे गाव वसलं, तिथेच पुढे ऊस आला. मुरमाड माळ मेंढपाळांच्या वाट्याला आला, हेही लिहिलं. आणि पान तीनवर एक वाक्य होतं : ‘माळावरील मेंढपाळ कुटुंबे कित्येक पिढ्यांपासून येथे घरे करून असून दिवाळीनंतर मेंढ्यांसह कोकणात जातात व पावसाळ्यापूर्वी परततात.’ हे वाक्य लिहिताना मला मी फार हुशार वाटलो होतो.

पाहणीला गेलो तो महिना जानेवारी. ग्रामसेवक चहाच्या टपरीपर्यंत सोबत आले. पुढे चढ होता, त्यामुळे त्यांना काम निघालं. मी एकटाच माळावर गेलो. अडतीस घरं. दारं लावलेली, दारांपुढे बाभळीचे फेसाटे, म्हणजे काटेरी फांद्या, ओढून वर दगड ठेवलेले. भिंती शेणानं सारवलेल्या, आणि ते सारवण ताजं होतं. पडक्या घराला कुणी सारवत नाही.

एकाच अंगणात हालचाल होती. धुळाआबा नावाचे म्हातारे लोकर कातत बसले होते. आत त्यांची म्हातारी खोकत होती. दोघांना आता चालवत नव्हतं, म्हणून मागे राहिली होती.

“बसा. घरं मोजली?”

“मोजली आबा. माणसं कुठायत?”

“कोकणात. भाताची खाचरं मोकळी झाली की तिथं मेंढरं बसवायची. त्येंच्या रानाला खत, आपल्याला चारा.”

“येतात कधी?”

“ज्येष्ठात, पाऊस लागायच्या आत. कोकणातल्या पावसात मेंढराचं खूर कुजत्यात. आन् हितं पाऊसच न्हाई. देवानं पाऊस वाटताना आमच्या मेंढराला इचारलंच न्हाई बगा.”

मग ते म्हणाले, “येक करा. नावं सांगतो, लिवून घ्या. परत यायला नगं.”

घरागणिक नावं त्यांना पाठ होती. कुणाची सून बाळंत होणार, तेही त्यांनी मोजणीत धरायला लावलं. “ज्येष्ठापोतर ते बी पाणी मागंलच की.” मी माझ्या फील्डबुकात, म्हणजे पाहणीच्या वहीत, सगळं पेन्सिलीनं उतरवलं. दोनशे अकरा माणसं. म्हातारबांनी डेऱ्यातलं पाणी दिलं. ते खालच्या ओढ्यात झरा उकरून आणलेलं होतं. त्यांना पाणी आणायला जाऊन-येऊन किती वेळ लागतो, हे मी विचारलं नाही. रकान्यात तो प्रश्न नव्हता.

दुसऱ्या दिवशी डेप्युटी साहेबांपुढे उभा राहिलो. हे आमचे डेप्युटी इंजिनिअर. त्यांनी कधी कुणावर आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. त्याची गरजच पडत नसे.

“माळावर किती?”

“दोनशे अकरा, साहेब.”

“पाहिले?”

“दोन पाहिले. बाकीचे कोकणात आहेत.”

“मग दोन लिहा. प्रत्यक्ष पाहणी म्हणतात तिला, नेवसे. ऐकीव पाहणी नाही.”

“साहेब, ज्येष्ठात पुन्हा जाऊन आलो तर?”

“ज्येष्ठ कोणत्या फायनान्शियल इयरमध्ये येतो?”

मग त्यांनी समजावून सांगितलं, अगदी मुलाला सांगावं तसं. माळ टाकीपेक्षा उंच. पाणी आपसूक चढणार नाही, बूस्टर पंप लावावा लागेल. बूस्टर धरला की योजना त्यांच्या मंजुरीच्या बाहेर जाणार, फाइल पुण्याला जाणार, मार्च हातचा जाणार.

“घरं कशी होती?”

“बंद होती.”

“बंद म्हणजे पडकीच की.”

तसं नाही, हे मला ठाऊक होतं. मी पान सतरावर लिहिलं : ‘पडकी घरे ३८. आढळलेल्या व्यक्ती २. कायम वस्ती नाही.’ पाहणी करणाऱ्याच्या सहीच्या जागी डेप्युटी साहेबांनी नुसता ऑफिसचा शिक्का मारायला लावला. मला केवढं बरं वाटलं.

ज्येष्ठात ग्रामसभा झाली. रिपोर्ट टेबलावर होता. धुळाआबा सुनेला घेऊन आले होते. हौसाबाई तिचं नाव, सातवी शिकलेली, चार दिवसांपूर्वीच कोकणातून परतलेली. रिपोर्ट नुसता मांडायचा असतो, वाचायचा नसतो, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. तिनं उभ्या उभ्या तो चाळला.

“सायेब, पान तीनवर आमी पिढ्यान्‌पिढ्या हितं ऱ्हातो. पान सतरावर आमी न्हाईच. मधल्या तेरा पानांत आमी कुठं मेलो?”

सभा हसली. डेप्युटी साहेबही हसले. “बाई, पहिलं प्रकरण प्रस्तावना असते. तिचा एस्टिमेटशी संबंध नसतो.”

पुढच्या रांगेतले एक बागायतदार आप्पा म्हणाले, “सहा म्हैने कोकणचं पाणी पिता, तर नळ बी तिथंच मागा की.”

“आप्पा, तुमी कारखान्याच्या मीटिंगला पुण्याला ऱ्हाता, तवा तुमचं घर पडकं लिवायचं का?”

या वेळी हसणं वेगळ्या बाजूनं आलं. डेप्युटी साहेबांना ते आवडलं नाही. “पाहणी झालेली आहे. तेव्हा तिथं कुणीही यादी दिलेली नाही,” ते म्हणाले.

धुळाआबांनी माझ्याकडे बोट केलं. “ह्येच सायेब आलते. म्या नावं सांगितली, ह्येंनी लिवली.”

वही माझ्या पिशवीत होती. टेबलावर ठेवली असती तर फेरपाहणी करावीच लागली असती. डेप्युटी साहेब खिडकीबाहेर बघत होते. माझ्या कन्फर्मेशनचा कागद त्यांच्याच टेबलावर होता.

“नाही आबा,” मी म्हणालो. “तेव्हा दुसरे साहेब होते.”

म्हाताऱ्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. घाई केली नाही.

“असंल. आमाला मेंढरू आन् मेंढरू येगळं वळखू येतं. सायेबमाणसं मातूर समदी सारखीच दिसत्यात.”

लोक हसले. मीही हसलो.

योजना पूर्ण झाली. पाइपलाइन माळाच्या पायथ्याशी थांबली. शेवटचा नळ वस्तीवरून दिसायचा. पुढची कितीतरी वर्षं तिथल्या बायका हंडे घेऊन उतरायच्या आणि भरलेले हंडे घेऊन चढायच्या. म्हणजे बूस्टर लागलाच, फक्त त्याला वीज लागत नव्हती. मी कन्फर्म झालो. डेप्युटी साहेब श्रीफळ घेऊन रिटायर झाले, आणि समारंभात ग्रामीण भागाविषयीच्या त्यांच्या कळवळ्याबद्दल एक भाषण झालं. ते लिहायचं कामही माझ्याकडेच होतं.

माझं पहिलं प्रकरण मात्र फार चाललं. दौंडच्या योजनांना ते जसंच्या तसं लावलं गेलं, घोडच्या जागी भीमा घालून. माझी शुद्धलेखनाची चूकसुद्धा कुणी काढली नाही. माळावरच्या वस्तीला पुढे बऱ्याच वर्षांनी वेगळी योजना मिळाली. ती पाहणी खात्यात नव्या आलेल्या एका मुलीनं केली, ज्येष्ठात. तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं फक्त विचारलं आणि जे ऐकलं ते लिहिलं.

धडा म्हणाल तर एवढाच. माणसं मोजायला जाण्याआधी ती कोणत्या महिन्यात घरी असतात हे विचारावं. आणि उत्तर आधीच माहीत असेल, तर आपल्याला ते माहीत नव्हतं असं निदान म्हणू नये.

धुळाआबा ती योजना व्हायच्या आतच गेले. हौसाबाई आहेत. ‘सभेत मी खोटं बोललो, आबा खरं बोलत होते’ एवढं मी त्यांना देणं लागतो, आणि तेही ग्रामसभेतच, सगळ्यांसमोर. अजून दिलेलं नाही.