फाटकापाशी बदललेली माती
५ एप्रिल २०१३, सकाळचे नऊ चाळीस: नव्या मातीचा वास आला की हीच वेळ आठवते. भूकंपाला आणि त्यात झालेल्या अणुभट्टीच्या अपघाताला दोन वर्षे झाली होती. उत्तर जपानमधल्या एका शाळेचे मैदान किरणोत्सर्ग मर्यादेत आढळला तरच मुलांसाठी उघडणार होते, आणि मोजणी माझ्याकडे होती. सोबत प्रांतिक विधानसभेतले आमदार होते. पूर्वी तिथेच विज्ञान शिकवलेले, मापनाचा कायदा आणणारे. फक्त फाटकापाशची माती आदल्या दिवशी बदलली होती, तिथे ताशी ०.०८ मायक्रोसिव्हर्ट आले. मी घसरगुंडीकडे वळले. "मोजायचं फाटकापाशीच. कायद्यात मीच तसं लिहिलंय," ते हसत म्हणाले. "मुलं फाटकापाशी खेळत नाहीत, सेन्सेई," शाळेच्या मुख्याध्यापिका खालच्या आवाजात म्हणाल्या; सेन्सेई म्हणजे गुरुजी. त्या आमदारांच्याच जुन्या विद्यार्थिनी. मला त्या हसण्याची शिसारी आली, अजून येते. मर्यादा ०.२३ होती. घसरगुंडीखालची नोंद आजही माझ्या वहीत आहे: १.८४.